देणाऱ्याची संमती

१ जानेवारी १९९७ रोजी गुवाहाटीजवळच्या सोनापूरमध्ये डॉ. धनीराम बरुआ यांनी बत्तीस वर्षांच्या एका रुग्णाच्या छातीत डुकराचं हृदय आणि फुप्फुसं बसवली. रुग्णाच्या हृदयात छिद्र होतं. शस्त्रक्रियेत हाँगकाँगचे सर्जन जोनाथन हो सोबत होते. रुग्ण सात दिवस जगला. दोन्ही डॉक्टरांना अटक झाली. चाळीस दिवस तुरुंगात काढून बरुआ परतले तेव्हा त्यांच्या संस्थेची लोकांनी नासधूस केलेली होती. पुढे ७ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत, बाल्टिमोरच्या मेरिलँड विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. बार्टली ग्रिफिथ यांनी डेव्हिड बेनेट या सत्तावन्न वर्षांच्या गृहस्थांना डुकराचं हृदय बसवलं, आणि ती बातमी जगभर पहिल्या पानावर गेली. आपल्याकडे लगेच जुनी कात्रणं बाहेर निघाली. हे तर आमच्या आसामात पंचवीस वर्षांपूर्वीच झालं होतं आणि आम्ही मात्र त्या माणसाला तुरुंगात टाकलं, अशी हळहळ सुरू झाली.

ही हळहळ मला समजते, पण पटत नाही. १९९७ साली जगात कुठेही असं डुक्कर नव्हतं, की ज्याचं हृदय माणसाचं शरीर दीर्घकाळ नाकारणार नाही. बरुआंनी त्यावर आपल्याला उपाय सापडल्याचं सांगितलं, पण इतरांना तपासून पाहता येईल अशा रीतीनं तो मांडला नाही. त्याहूनही मला टोचते ती वेगळी गोष्ट. त्या बत्तीस वर्षांच्या माणसाला टेबलावर घेण्याआधी काय सांगितलं गेलं असेल? वाचण्याची शक्यता किती सांगितली असेल? 'हो' म्हणताना त्याला काय समजलं असेल? सोनापूरचं नाव आपण अभिमानानं घेतो किंवा संतापानं घेतो. दोन्ही वेळा तो माणूस आपल्या बोलण्यातून गळून पडतो.

प्राण्यांचे अवयव माणसाला बसवण्याचा विषय मराठी वाचकापुढे आजवर बहुतेक वेळा चमत्कार म्हणून किंवा विटाळ म्हणून आला. या पुस्तकात तो रुग्ण, दाता, प्राणी आणि कायदा या चौघांच्या अंगानं मांडला आहे. पुस्तकाला एकच प्रश्न धरून ठेवतो: अवयव घेताना 'हो' कुणी म्हणायचं, आणि ते 'हो' खरं आहे हे कसं ओळखायचं? विज्ञानाची गाडी आता बरीच पुढे गेली आहे. या प्रश्नाचं काम मात्र मागेच राहिलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी गरज किती आहे ते पाहू. अमेरिकेत अवयवांच्या प्रतीक्षायादीवर एक लाखाहून अधिक माणसं असतात आणि त्यांतली बहुतेक मूत्रपिंडासाठी. भारतात २०२३ साली पहिल्यांदाच वर्षभरात एक हजाराहून जास्त मेंदूमृत व्यक्तींच्या नातेवाइकांनी अवयवदान केलं. दीडशे कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशात हा आकडा दहा लाखांमागे एकही भरत नाही. स्पेनमध्ये तो पन्नासच्या आसपास आहे. तरीही त्याच वर्षी आपल्याकडे अठरा हजारांवर प्रत्यारोपणं झाली. मग अवयव आले कुठून? घरातून. आपल्या देशातली बहुसंख्य मूत्रपिंडं जिवंत माणसाच्या पाठीतून निघतात आणि ती देणारी बहुतेक वेळा बाई असते. जिवंत दात्यांपैकी पाचांत चार स्त्रिया आणि अवयव मिळणाऱ्यांपैकी पाचांत चार पुरुष, असं प्रमाण राष्ट्रीय नोंदींतून पुढे आलं आहे.

डायलिसिसच्या खोलीत चार तास बसलं की हे प्रमाण डोळ्यांना दिसतं. खुर्चीवर पुरुष, हाताच्या फिस्टुलात दोन जाड सुया, शेजारी स्टुलावर बायको. तिच्या पिशवीत फायली, डबा आणि पाण्याची अर्धी बाटली असते. अर्धी यासाठी, की दिवसाला किती पाणी प्यायचं हे ठरलेलं असतं आणि ते घोट मोजायचं काम तिचं असतं. क्रिएटिनिन किती, पोटॅशियम किती, मागच्या वेळी वजन किती उतरलं हे नवऱ्याला नाही, तिला पाठ असतं. मूत्रपिंड द्यायचं ठरतं तेव्हा घरात बैठक बसते. भावाची मुलं लहान असतात, बहिणीच्या सासरचे तयार नसतात, आईला मधुमेह असतो. उरते ती हीच.

कायद्यानं दात्याची मुलाखत घेणं बंधनकारक केलं आहे आणि तिचं चित्रीकरणही होतं. अशा एका मुलाखतीला मी बसलो होतो. समाजसेविकेनं सासरच्या माणसांना बाहेर बसवलं, दार लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, तुमच्यावर कुणाचा दबाव नाही ना?" बाईनं कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "नाही हो मॅडम. मी माझ्या मर्जीनं देतेय." थोडं थांबून म्हणाली, "मी नाही दिली तर देणार कोण?" कागदावर पहिलं उत्तर लिहिलं गेलं. दुसऱ्या उत्तरासाठी कागदावर जागाच नव्हती.

या बाईनं प्रेमानं दिलं नाही असं मी म्हणत नाही. ते प्रेम मी पाहिलं आहे. पण 'दुसरं कोणी नाही' ही जी अट तिच्या 'हो'च्या आत दडलेली आहे, ती काढता आली तर तिचं 'हो' अधिक मोकळं होईल. डुकराच्या मूत्रपिंडाचा विचार मी याच दारातून सुरू केला. परदेशी लेखनात हा विषय बहुतेक वेळा प्रतीक्षायादीच्या आकड्यावरून सुरू होतो. आपल्याकडे तो त्या स्टुलावरून सुरू व्हायला हवा.

प्राण्याकडून घेण्याची कल्पना नवी नाही. १६६७ साली फ्रान्समध्ये झाँ-बाप्तिस्त देनी यानं कोकराचं रक्त माणसाला चढवलं. १९०६ साली लियाँमध्ये मातिओ जाबुले यानं डुक्कर आणि बकरी यांची मूत्रपिंडं दोन रुग्णांच्या रक्तवाहिन्यांना जोडून पाहिली. दोन्ही वाया गेली. खरी धांदल उडाली ती १९६३-६४ साली. तेव्हा डायलिसिस मोजक्याच ठिकाणी होतं आणि मेंदूमृत्यू ही कल्पना कायद्यात आलेली नव्हती. न्यू ऑर्लिन्सला कीथ रीम्त्स्मा यांनी तेरा रुग्णांना चिंपांझीची मूत्रपिंडं बसवली. बहुतेक जण काही आठवड्यांत गेले. एक तरुण शिक्षिका मात्र नऊ महिने जगली आणि कामावरही परतली. या नऊ महिन्यांनी पुढच्या साठ वर्षांच्या आशेला खतपाणी घातलं.

त्याच सुमारास, जानेवारी १९६४ मध्ये, मिसिसिपी विद्यापीठात जेम्स हार्डी यांनी एका मरणासन्न माणसाला चिंपांझीचं हृदय बसवलं. माणसाच्या छातीत झालेलं हे पहिलं हृदय प्रत्यारोपण. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी केपटाउनमध्ये केलेल्या मानवी हृदयाच्या प्रत्यारोपणाच्या जवळपास चार वर्षं आधीचं. हृदय सुमारे दीड तास चाललं. रुग्ण शुद्धीवर नव्हता. नातेवाइकानं सही केलेल्या कागदावर प्राण्याच्या हृदयाचा उल्लेखही नव्हता. इतिहासाच्या पुस्तकांत ही शस्त्रक्रिया 'पहिली' म्हणून येते. मी ती या कोऱ्या जागेसाठी लक्षात ठेवतो.

वीस वर्षांनी, २६ ऑक्टोबर १९८४ रोजी, कॅलिफोर्नियात लोमा लिंडा इथं लिओनार्ड बेली यांनी हृदयाची डावी बाजू न वाढलेल्या तान्ह्या मुलीला बबूनचं हृदय दिलं. 'बेबी फे' या नावानं ती जगाला माहीत झाली आणि तीन आठवड्यांत गेली. मुलीचा रक्तगट ओ होता आणि बबूनमध्ये तो जवळजवळ सापडतच नाही. नंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं सगळ्या प्रकरणाची तपासणी केली, तेव्हा संमतीपत्रातल्या उणिवा दिसल्या. मानवी हृदय मिळू शकतं का हे शोधण्याचा पर्याय त्यात नव्हता आणि फायदा वाढवून सांगितला होता. बेली यांनी पुढे तान्ह्या मुलांना मानवी हृदयं बसवण्याचं मोठं काम उभं केलं, त्यातून पुष्कळ मुलं वाचली, हेही इथं नोंदवलं पाहिजे. पण त्या आईवडिलांना अर्धीच खिडकी उघडून दाखवली गेली होती.

आपल्या मुंबईचा या काळाशी एक धागा आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये, बर्नार्ड यांच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मानवी हृदयाचं प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. हृदय धडधडत असताना माणूस मेला असं मानायला तेव्हा आपला कायदा तयार नव्हता. तो तयार व्हायला १९९४ उजाडलं आणि मानवी अवयव प्रत्यारोपणाचा तो कायदा सुरुवातीलाच स्वीकारणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. हात आणि सुरी तयार असताना समाजाची समजूत मागे राहते, तेव्हा काय होतं हे परळनं पाहिलं आहे.

माकडांकडून विज्ञान डुकराकडे वळलं त्याची कारणं सरळ आहेत. चिंपांझी थोडे उरले आहेत आणि सावकाश वाढतात. शिवाय ते आपल्या इतके जवळचे की त्यांचे विषाणू आपल्यात सहज रुळतात. एचआयव्हीचा उगम चिंपांझीतल्या विषाणूतून झाला, हे कळल्यावर हा मार्ग जवळपास बंदच झाला. डुकरीण ११४ दिवसांत विते, एका वेतात अनेक पिल्लं देते आणि काही महिन्यांत त्यांचे अवयव माणसाच्या मापाचे होतात. अडचण फक्त एक होती, पण ती डोंगराएवढी होती.

डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची एक साखर असते. आपल्या पूर्वजांनी ती साखर बनवणारं जनुक कोट्यवधी वर्षांपूर्वी गमावलं. आपल्या आतड्यांतल्या जिवाणूंवर मात्र तशीच साखर असते, त्यामुळे तिच्याविरुद्धचे प्रतिपिंड आपल्या रक्तात लहानपणापासून पहारा देत असतात. प्रत्यारोपणाच्या टेबलावर याचा अर्थ काय होतो, ते जवळून पाहण्यासारखं आहे. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या शिवून झाल्या की सर्जन चिमटा सोडतो. मानवी मूत्रपिंड असेल तर राखाडी, थंड पडलेला तो गोळा बघता बघता गुलाबी होतो, घट्ट होतो, आणि बऱ्याचदा तिथंच मूत्रवाहिनीच्या टोकाला थेंब येतो. खोलीतले सगळे त्या थेंबाची वाट पाहत असतात. साध्या डुकराचं मूत्रपिंड असेल तर ते आधी गुलाबी होतं, मग त्यावर डाग उमटतात, मग काही मिनिटांत ते जांभळं-काळं आणि मऊ पडतं. आतल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त गोठलेलं असतं. १९०६ ते १९९७ या काळातला डुकराच्या अवयवांचा जवळपास प्रत्येक प्रयत्न या काळवंडण्यापाशी येऊन थांबत होता.

तोडगा निघाला तो डॉली मेंढीच्या वाटेनं. डॉलीच्या कामात भागीदार असलेल्या पीपीएल थेराप्यूटिक्स या कंपनीनं आणि मिसुरी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००२ साली ते साखरेचं जनुक निकामी केलेली क्लोन डुकरं जाहीर केली. पीपीएलच्या अमेरिकी शाखेतून पुढे रेव्हिव्हिकॉर निघाली. बेनेट यांच्या छातीतलं हृदय तिच्याच डुकराचं. त्यात दहा बदल होते. डुकराची तीन साखर-जनुकं बंद केलेली, हृदय माणसाच्या छातीत वाढत राहू नये म्हणून वाढीचा एक ग्राही बंद केलेला, आणि रक्त गोठणं, दाह व प्रतिकारशक्तीचा हल्ला आवरणारी सहा मानवी जनुकं घातलेली. या कामामागे अनेक वर्षं उभे होते ते कराचीत वैद्यक शिकलेले डॉ. मुहम्मद मोहिउद्दीन. त्यांनी डुकराची हृदयं बबूनच्या पोटात जोडून ती दोन वर्षांहून अधिक काळ धडधडती ठेवून दाखवली होती. धर्मानं मुसलमान असलेल्या माणसानं डुकरावर आयुष्य घालवावं, हे त्यांच्या घरच्यांनाही सोपं गेलं नव्हतं. धर्मशास्त्राच्या जाणकारांचा सल्ला घेऊनच आपण पुढे गेलो, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. सोनापूर आणि बाल्टिमोर यांच्यामधली पंचवीस वर्षं अशा कामानं भरलेली आहेत. म्हणूनच 'आम्ही आधी केलं' हे वाक्य मला उच्चारवत नाही.

बेनेट यांना मानवी हृदयासाठी अपात्र ठरवलं होतं. कृत्रिम पंपही बसवता येत नव्हता. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२१ च्या शेवटच्या दिवशी खास परवानगी दिली. त्यांना निर्णय समजतो आहे ना, हे मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं. ते दोन महिने जगले आणि ८ मार्च २०२२ रोजी गेले. नंतर कळलं, की त्या हृदयातून डुकराचा एक सुप्त विषाणू त्यांच्या शरीरात आला होता. दात्या डुकराची नाकातल्या स्रावाची चाचणी निर्दोष आली होती, पण विषाणू आत दडलेला होता. मृत्यूला तो कितपत कारण झाला यावर मतभेद आहेत. पण एका चाचणीवर विसंबू नये, हा धडा एका माणसाच्या जिवावर शिकला गेला. बेनेट यांनी या प्रयोगाला होकार दिला तेव्हा या विषाणूबद्दल त्यांना काही सांगता आलं नसतं, कारण तो तिथं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. संमतीची ही मर्यादा कुठलाही कागद ओलांडू शकत नाही.

मूत्रपिंडाची कहाणी याला समांतर चालली, आणि माझ्या मते पुढचा खरा रस्ता तोच आहे, कारण मूत्रपिंड बंद पडलं तर डायलिसिसवर परत येता येतं. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कला डॉ. रॉबर्ट माँटगोमरी यांनी मेंदूमृत झालेल्या एका स्त्रीच्या मांडीतल्या रक्तवाहिन्यांना डुकराचं मूत्रपिंड जोडून चौपन्न तास पाहिलं. ते काळवंडलं नाही, लघवी सुरू झाली, क्रिएटिनिन उतरलं. माँटगोमरी स्वतः दुसऱ्याच्या हृदयावर जगतात. २०१८ साली त्यांचं हृदय प्रत्यारोपण झालं. त्या स्त्रीला अवयवदान करायचं होतं, पण तिचे अवयव दुसऱ्याला बसवण्याजोगे नव्हते. घरच्यांनी तिचं शरीर काही दिवस अभ्यासाला दिलं. या कुटुंबाबद्दल बातम्यांत एखादीच ओळ आली. मला वाटतं, सगळ्या प्रवासात इतकी स्वच्छ संमती क्वचितच सापडेल. तिथं कुणाला जगण्याची आशा दाखवलेली नव्हती आणि कुणाला धाकही नव्हता.

मार्च २०२४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात बासष्ट वर्षांच्या गृहस्थांना, इजेनेसिस कंपनीनं एकोणसत्तर बदल केलेल्या डुकराचं मूत्रपिंड मिळालं. जिवंत माणसातलं हे असं पहिलं मूत्रपिंड. दोन महिन्यांच्या आतबाहेर ते गेले, पण मृत्यूच्या वेळी मूत्रपिंड नाकारलं गेल्याची खूण नव्हती. मग आली टोवाना लूनी. अलाबामातल्या या बाईनं १९९९ साली आपलं एक मूत्रपिंड आईला दिलं होतं. पुढे गरोदरपणात रक्तदाबाचा त्रास झाला, उरलेलं मूत्रपिंड खालावलं, आणि रक्तात इतके प्रतिपिंड तयार झाले की मानवी मूत्रपिंड जुळणं जवळपास अशक्य झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला न्यूयॉर्कला डुकराचं मूत्रपिंड बसवलं गेलं. एका संसर्गामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करावी लागली, शरीरानं ते नाकारलं आणि १३० दिवसांनी ते काढावं लागलं. पण इतके दिवस ती डायलिसिसशिवाय राहिली होती. पुढे बोस्टनच्याच त्या रुग्णालयातल्या एका रुग्णात असं मूत्रपिंड २७१ दिवस चाललं. २०२५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं रेव्हिव्हिकॉरची मालक असलेल्या युनायटेड थेराप्यूटिक्सला आणि इजेनेसिसलाही रीतसर चाचण्यांना परवानगी दिली. चीनमध्ये मेंदूमृत व्यक्तींवर यकृत आणि फुप्फुसाचेही प्रयोग झाले आहेत. फुप्फुसाचा रस्ता अजून फार लांबचा दिसतो.

लूनीची गोष्ट मी आपल्याकडच्या दात्या बायकांसाठी पुन्हा पुन्हा वाचतो. जिवंतपणी मूत्रपिंड देणं बहुतेकांना सुखरूप पार पडतं, यात शंका नाही. पण 'काही होत नाही' हे वाक्य रुग्णालयाच्या व्हरांड्यात ज्या सहजतेनं फेकलं जातं, तितकं ते खरं नाही. विशेषतः जिला मूल व्हायचं आहे अशा मुलीला तर ते तसं सांगूच नये.

आता इतर दोन 'हो'. पहिलं समाजाचं. १९९७ साली लंडनमध्ये रॉबिन वाइस यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की डुकराच्या जनुकसंचातच लिहिलेले काही विषाणू प्रयोगशाळेत मानवी पेशींना लागू शकतात. इजेनेसिसनं आपल्या डुकरांतले हे सगळे तुकडे निकामी केले आहेत. रेव्हिव्हिकॉरनं केलेले नाहीत, कारण आजवर कुठल्या रुग्णात ते उठलेले दिसलेले नाहीत. तरीही एका रुग्णाच्या होकारात त्याच्या शेजाऱ्यांचा, त्याच्या वॉर्डातल्या परिचारिकांचा होकार गृहीत धरलेला असतो. म्हणून अशा रुग्णानं जन्मभर तपासण्या करून घ्याव्यात, रक्तदान करू नये, जवळच्या माणसांनाही याची कल्पना द्यावी, असे नियम आहेत. एरवी वैद्यकीय प्रयोगातून कुणालाही कधीही बाहेर पडता येतं. इथं अवयव शरीरात असेपर्यंत, आणि त्यानंतरही, देखरेखीतून सुटका नाही. कोविडच्या काळात विलगीकरणाच्या पाट्या दारावर लागलेल्या आपण पाहिल्या आहेत. तेव्हा शेजाऱ्यांनी केलेली वागणूक आठवली, की हा नियम गावात आणि चाळीत कसा उतरेल याची मला काळजी वाटते.

दुसरं 'हो' कधीच येणार नाही, ते डुकराचं. ही डुकरं चिखलात लोळत नाहीत. बंदिस्त इमारतींत, गाळलेल्या हवेत ती वाढतात. विषाणू लागू नये म्हणून पिल्लं शस्त्रक्रियेनं काढली जातात आणि आईपासून दूर ठेवली जातात. जमीन उकरणं हा ज्याचा स्वभाव, त्या हुशार प्राण्याला उकरायला माती मिळत नाही. मांस खाणाऱ्यानं याला हरकत घेऊ नये, असा युक्तिवाद केला जातो. तो मला अपुरा वाटतो, कारण खाटकाकडचं डुक्कर निदान आईचं दूध पिऊन वाढलेलं असतं. दुसरीकडे, शाकाहारी घरातल्या लोकांनी 'शी, डुक्कर!' म्हणून विषय संपवावा हेही खरेपणाचं नाही. डायलिसिसच्या यंत्रात रक्त गोठू नये म्हणून दर फेरीला जे हेपारिन देतात, ते बहुतेक डुकराच्या आतड्यांतून काढलेलं असतं. १९८० च्या दशकापर्यंत मधुमेह्यांना दिलं जाणारं इन्शुलिन डुक्कर आणि गाय यांच्या स्वादुपिंडातून येत होतं. हृदयाच्या झडपा डुकराच्या आणि गाईच्या ऊतींपासून बनतात आणि त्या आपल्या ओळखीतल्या कितीतरी छात्यांत बसलेल्या आहेत. आपण विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. धर्माचे अडसर वाटतात तितके कठीण नाहीत. ज्यू आणि मुस्लिम परंपरांत जीव वाचवण्याच्या गरजेपुढे खाण्याचे निर्बंध सैल होतात, असं मानणारे अनेक धर्मपंडित आहेत. पण विचारण्याचा आणि नकार देण्याचा हक्क रुग्णाला हवाच, मग तो जैन असो, मुसलमान असो की वारकरी.

माझी बाजू लपवत नाही. डुकराची मूत्रपिंडं माणसाला मिळावीत, असं मला वाटतं. त्यासाठी मारल्या जाणाऱ्या प्राण्याचं आयुष्य आजच्यापेक्षा बरं असावं, तेवढ्यानं खर्च वाढला तरी चालेल, असंही वाटतं. आणि ही मूत्रपिंडं येणार आहेत म्हणून मेंदूमृत व्यक्तींच्या अवयवदानाचं काम कुणी सैल सोडलं, तर तो गुन्हा ठरेल. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांतली माणसं मध्यरात्री अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाइकांशी बोलत उभी असतात. नातेवाइकांच्या एका होकारातून दोन मूत्रपिंडं, यकृत, हृदय, डोळे मिळतात, कुठल्याही जनुकबदलाशिवाय आणि कुठल्याही कंपनीच्या किमतीशिवाय. डुकराच्या मूत्रपिंडाची किंमत कंपन्या ठरवणार आहेत. ती ससूनच्या किंवा केईएमच्या डायलिसिस वॉर्डातल्या माणसाला परवडेल अशी आज कुठलीच चिन्हं नाहीत. चाचणीसाठी गरीब शरीर आणि नंतर वापरासाठी श्रीमंत शरीर, ही वाटणी औषधांच्या बाबतीत आपण पाहिलेली आहे.

१९९४ चा आपला कायदा माणसानं माणसाला दिलेल्या अवयवांसाठी आहे. प्राण्याचा अवयव बसवायचा झाला तर परवानगी कुणी द्यायची, आयुष्यभराची देखरेख कुणी करायची, तिचा खर्च कुणी उचलायचा, डुकरं कुठे आणि कशी वाढवायची, या गोष्टी त्यात नाहीत. आपल्या महानगरांतली मोठी खासगी रुग्णालयं तंत्राच्या बाबतीत मागे नाहीत. एखादं उद्या तयार होईल, आणि रुग्ण तर आजही तयार आहेत. सोनापूरसारखं आधी शस्त्रक्रिया आणि मग पोलीस, असं पुन्हा होऊ द्यायचं नसेल तर नियम आधी यायला हवेत.

म्हणून या पुस्तकाच्या शेवटी एक मसुदा जोडला आहे. प्राण्याचा अवयव घेणाऱ्या रुग्णासाठी मराठीत लिहिलेलं संमतीपत्र. ते लिहिताना डायलिसिसवरचे काही रुग्ण, दोन दात्या, परिचारिका आणि एक वकील बाई यांच्याशी ओळ न् ओळ बोललो. अवयव कुठल्या प्राण्याचा, त्यात काय बदल केले, आजवर अशी किती माणसं किती दिवस जगली, काढावा लागला तर पुढे काय, पैसे कोण भरणार, हे सगळं त्यात साध्या वाक्यांत आहे. घरातला दाता उपलब्ध असताना हा पर्याय निवडला तर घरच्यांनी दात्याला दोष देऊ नये, अशी एक ओळ दात्यांच्या आग्रहावरून घातली. आयुष्यभराच्या देखरेखीच्या कलमावर मात्र एकमत झालं नाही. परिचारिकांचं म्हणणं, सूट अजिबात नको, आम्हालाही घरी लेकरं आहेत. रुग्णांचं म्हणणं, अवयव काढून टाकल्यावर आणि ठरलेली वर्षं निरोगी गेल्यावर तरी माणसाला मोकळं करा. दोन्ही बाजूंनी आपापलं कलम लिहून दिलं. ती दोन्ही शेजारी-शेजारी छापली आहेत.